घराचा लोड

आमच्याकडे जनरेटर आला तो एका वाक्यामुळे, आणि दुर्दैवाने ते वाक्य माझं होतं. त्या दुपारी बायको लॅपटॉपसमोर बसून तोंडी परीक्षेचा सराव करत होती. पडद्यावरच्या प्राध्यापक बाई काहीतरी विचारणार, एवढ्यात लाईट गेली. इंटरनेटच्या डब्यावरचे हिरवे दिवे विझले आणि बाई तोंड अर्धं उघडं ठेवून तशाच थिजल्या. बायकोने टेबलावर डोकं टेकलं. मला ते बघवलं नाही. भावनेच्या भरात मी म्हणालो, "तुझ्या परीक्षेच्या दिवशी या घरातली लाईट जाणार नाही. मी शब्द देतो."

तिने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. हल्ली ती मानसशास्त्र शिकते, त्यामुळे तिचं बघणं बदललं आहे. पूर्वी ती माझ्याकडे नवरा म्हणून बघायची, आता प्रकरण म्हणून बघते.

लग्नामुळे तिचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. लेक नोकरीसाठी बाहेरगावी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा तिने ते पुन्हा हातात घेतलं. भाजी चिरताना पुस्तक उघडं, इस्त्री करताना पुस्तक उघडं, असं करत तिने सगळे पेपर काढले होते. उरली होती फक्त ही तोंडी परीक्षा. परीक्षक लांबच्या शहरात, ही आमच्या आतल्या खोलीत, आणि मधे इंटरनेट. संपर्क तुटला तर गैरहजर, आणि मग थेट पुढच्या वर्षी. त्यात परीक्षा दुपारची, आणि आमच्या गल्लीत जमिनीखालच्या वायरी बदलायचं काम चालू असल्यामुळे लाईटही दुपारचीच जायची. इन्व्हर्टर आहे, नाही असं नाही. पण त्याची बॅटरी इतकी म्हातारी झाली आहे की लाईट गेल्यावर ती पंखा फिरवते तो केवळ जुन्या ओळखीखातर.

"मग आणा जनरेटर," बायको म्हणाली. "पण लवकर आणा. तुमच्या पद्धतीने नको."

माझी पद्धत म्हणजे काय ते सांगायला हवं. मी नोकरीची सगळी वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. माझ्या सहीशिवाय तिथे टाचणीसुद्धा आत आली नाही. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणची कोटेशनं, तुलनेचा तक्ता, आणि मग शांतपणे विचार. अशा माणसाला "पटकन आणा" म्हणणं हा अपमान आहे. तो मी गिळला आणि म्हणालो, "जरा अभ्यास तर करावा लागेल."

"अभ्यास मी करतेय. तुम्ही जनरेटर आणा."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आईच्या आवाजातली धाकधूक तिला लगेच कळली असावी. "आई, तू अजिबात लोड घेऊ नकोस," ती म्हणाली. मी मधेच तोंड घालून विचारलं, हा लोड कसला? "अहो बाबा, म्हणजे टेन्शन घ्यायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही. आमच्यात सगळे असंच म्हणतात."

मला तो शब्दप्रयोग फार आवडला. तरुण झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्याला म्हणालो, लोड घेऊ नकोस. पेपरवाल्याला म्हणालो. शेजारच्या मॅनेजरसाहेबांनाही म्हणालो. हे बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि कंबरेला पट्टा लावून फिरतात. ते गंभीरपणे म्हणाले, "घेतच नाही हो. डॉक्टरांनी पिशवीसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलंय."

मग मी दुकानात गेलो. विक्रेता तरतरीत होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "काका, लोड किती आहे?"

"छे, छे," मी हसून म्हणालो, "मला कसला लोड? परीक्षा बायकोची आहे."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि समजावून सांगितलं की लोड म्हणजे घरात विजेवर काय काय चालतं त्याची बेरीज. त्यावरून जनरेटर केवढा घ्यायचा ते ठरतं. शिवाय लोड दोन तऱ्हेचा असतो. फ्रिज चालू असताना थोडी वीज खातो, पण चालू होण्याच्या क्षणी तिप्पट खातो. हे मला पटलं. सकाळी उठताना माझंही तसंच होतं.

आता खरं तर एकाच शब्दाचे दोन अर्थ असे समोरासमोर उभे राहिल्यावर माणसाने सावध व्हायला हवं होतं. पण मी तेव्हा घरातल्या लोडची बेरीज करायच्या उत्साहात होतो. घरी आलो, भिंग घेतलं आणि एकेका यंत्राच्या पाठीमागे लावलेलं बारीक अक्षर वाचत सुटलो. मिक्सर झाला, इस्त्री झाली. फ्रिजच्या मागे मात्र मी शिरलो तो अडकलो. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये गाल चिकटलेला, एक हात वर, भिंग दिसतंय पण हलवता येत नाही, अशा अवस्थेत असताना बायको पाणी प्यायला आली.

"काय करताय?"

"घराचा लोड काढतोय."

"काढा हो," ती पाणी पिता पिता म्हणाली. "खांदे भरून आलेत माझे." आणि ग्लास ठेवून ती पुन्हा अभ्यासाला गेली. मला ओढून काढायचं तिला मागाहून सुचलं.

बेरीज झाली, तसा खरा प्रश्न उभा राहिला. डिझेलचा घ्यावा, पेट्रोलचा घ्यावा की गॅसवरचा? मॅनेजरसाहेबांचं मत पडलं डिझेलवर. का, तर बँकेत डिझेलचा होता. तो चालायचा का, असं विचारल्यावर म्हणाले, "ते आठवत नाही, पण दिसायला भक्कम होता." समोरच्या बाईंना इंधनाशी कर्तव्य नव्हतं. त्या गाण्याचे वर्ग घेतात आणि दुपारी झोपतात, त्यामुळे त्यांचा सगळा प्रश्न आवाजाचा. "माझ्या झोपेचं काय?" त्यांनी फाटकातूनच विचारलं. मी त्यांना सांगितलं की सायलेंट जनरेटर घेतोय. मग खात्री करून घ्यायला दुकानात गेलो आणि म्हटलं, एकदा सुरू करून दाखव. विक्रेत्याने सुरू केला. काचा थरथरल्या.

"हा सायलेंट?" मी ओरडून विचारलं.

"सायलेंट हा प्रकार आहे, काका," तोही ओरडला. "शांत हवा असेल तर सुपर सायलेंट घ्या."

असे माझे दिवस चालले होते. एका दुकानातला चांगला वाटायचा, पण दुसऱ्याची हमी जास्त. दुसऱ्याचा घ्यावा तर तिसऱ्याचा दुरुस्तीवाला जवळ राहणारा. तुलनेचा तक्ता एवढा वाढला की मी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. परीक्षा जवळ आली तशी बायकोची झोप उडाली. ती पहाटे उठून खोलीत फेऱ्या मारत स्वतःशीच उत्तरं म्हणायची. एकदा फेऱ्या मारता मारता ती माझ्यासमोर थांबली. "खरं सांगा, येणार आहे का तो? नसेल तर मी मैत्रिणीकडे जाऊन परीक्षा देते."

"येणार म्हणजे येणारच. स्टँडबाय जनरेटर आहे तो. लाईट गेली की लगेच उभा."

"स्टँडबाय म्हणजे नुसतं बाजूला उभं राहणं असेल," ती म्हणाली, "तर घरात एक आहे."

हे वर्मी लागलं. त्याच दिवशी मी तक्ता गुंडाळला आणि जनरेटर घेतला. कुठला घेतला? विक्रेत्याने पहिल्या दिवशी पहिल्यांदा दाखवलेला. पेट्रोलचा, मधल्या आकाराचा, नुसता सायलेंट. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

जनरेटर अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी नवीन शंका काढली. "परवानगी घेतलीत का? नाहीतर उद्या कुणीतरी येईल आणि सील ठोकेल." झालं. वायरमनला घरी बोलावून ठेवलं आणि मी वीज कार्यालय गाठलं.

पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "तुम्ही वीज तयार करणार. म्हणजे तुम्ही ग्राहक राहिला नाहीत, उत्पादक झालात. आम्ही फक्त ग्राहकांचं बघतो." मला जरा बरं वाटलं. उत्पादक म्हणून मी दुसऱ्या टेबलाकडे गेलो तेव्हा माझी चाल बदलली होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "विकणार का वीज?" मी म्हटलं, नाही, बायकोला देणार. "मग कसले उत्पादक तुम्ही? जा परत ग्राहकांकडे." परत पहिल्या टेबलाशी येतो तोच कार्यालयातली लाईट गेली. अंधारात साहेबांचा आवाज आला, "आता लाईट आल्यावर या."

"तुमच्याकडे जनरेटर नाही?"

"आहे ना."

"मग चालू का नाही करत?"

"त्याची परवानगी यायची आहे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरून वायरमन बोलत होता. "काका, वायरिंगला घेतलंय. एक विचारायचं होतं. लोड घेऊ ना?"

मला त्या पोराचं कौतुक वाटलं. केवढी जबाबदारी वाटते त्याला! इकडे माझा ग्राहक आणि उत्पादक यांच्या मधोमध त्रिशंकू झाला होता, निदान तिकडे तरी कुणाच्या जिवाला घोर नको. मी मोठ्या मनाने म्हणालो, "अरे, लोड अजिबात घेऊ नकोस!"

"अजिबात नको?"

"अजिबात नको. आरामात कर."

"बरं," तो जरा थांबून म्हणाला. "टेस्टिंगपुरता बाहेरचा बोर्ड जोडून ठेवतो मग."

"तुला योग्य वाटेल ते कर," असं म्हणून मी फोन ठेवला. लाईट आल्यावर साहेबांनी मला सांगितलं की घरापुरता असेल तर परवानगी लागतच नाही, फक्त कळवावं लागतं, आणि ते तुम्ही आत्ता कळवलंच आहे.

घरी आलो तर अंगणात चाचणीची तयारी झालेली. मॅनेजरसाहेब होते, समोरच्या बाई कानात कापूस घालून आल्या होत्या, बायको पुस्तकात बोट घालून उभी होती. वायरमनने मेन स्विच पाडला, जनरेटरची दोरी ओढली. घरघर झाली आणि व्हरांड्यातला दिवा लख्ख पेटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं, या वेळी नवरा म्हणून. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला बघून मला असं भरून आलं की आत जाऊन एखादा पंखा फिरतोय का ते बघावं, हे मनात आलंच नाही. कुणाच्याच आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून तयार होतो. बायको आतल्या खोलीत नीट साडी नेसून लॅपटॉपसमोर बसलेली. तिचं नाव पुकारायला थोडाच वेळ होता, आणि लाईट गेली.

मला खरं तर आनंदच झाला. मी अंगणात धाव घेतली, मेन पाडला, दोरी ओढली. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. व्हरांड्यातला दिवा पेटला. मी छाती पुढे काढून आत गेलो आणि विचारलं, "काय?"

"काय काय?" बायकोचा आवाज कापत होता. "इंटरनेट बंद आहे. पंखाही दोन फेऱ्या मारून थांबला. काहीच चालू नाहीये!"

मी दिव्याचं बटण दाबलं. दुसरं दाबलं. दिवसाही अंधाऱ्या असलेल्या स्वयंपाकघरात गेलो. फ्रिज मुकाट उभा. बाहेर जनरेटर धडधडतोय आणि घरात अंधार. मी वायरमनला फोन लावला. तो कुठल्याशा गच्चीवर होता.

"घरात वीज येत नाही!"

"येणार कशी, काका? घराचा लोड जनरेटरवर कुठे घेतलाय? तुम्हीच म्हणालात, अजिबात घेऊ नकोस."

माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली, पण ती त्या अंधारात कळली नाही. "अरे, ते मी... ते तसं नव्हतं म्हणायचं!"

"मला वाटलं, असेल काकांचं काही. मी विचारलंसुद्धा, अजिबात नको का म्हणून. बाहेरचा बोर्ड तेवढा जोडलाय. दिवा आणि बेल."

"दिवा आणि बेल?"

"आणि खाली एक प्लग आहे बघा, त्यालाही येतंय."

फोन खिशात घालायचं भानही राहिलं नाही. इस्त्रीसाठी ठेवलेली एक्स्टेंशनची लांब वायर शोधली, व्हरांड्यातल्या प्लगला लावली, खिडकीतून आत सोडली, टेबलाखालून ओढत नेली. इंटरनेटच्या डब्यापर्यंत ती पोचली तेव्हा इतकी ताणली होती की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. डब्यावरचे हिरवे दिवे एकेक करून लागले. पडद्यावर तीन परीक्षक उगवले. बायकोने एक मोठा श्वास घेतला आणि नमस्कार केला. मी पावलं न वाजवता बाहेर आलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो. आता संपूर्ण घरात वीज होती ती इंटरनेटला, भर दुपारी पेटलेल्या दिव्याला आणि बेलला.

बेल वाजलीच. समोरच्या बाई आल्या होत्या. "सायलेंट म्हणाला होतात!"

"सायलेंट हा प्रकार आहे," मी हळूच म्हणालो आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांना ऐकू आलं नाही. उत्तर येत नाही म्हणून त्यांनी पुन्हा बेल दाबली. तोवर मॅनेजरसाहेब हातात मोबाइल आणि चार्जर घेऊन आले. मी समोर उभा असतानाही त्यांनी रीतसर बेल दाबली. "अभिनंदन! चालला की हो! जरा चार्जिंगला लावतो."

"बेल वाजवू नका!" मी कळवळून म्हणालो, आणि आता कुणाचाच हात तिथे जाऊ नये म्हणून बेलकडे पाठ करून भिंतीला टेकून उभा राहिलो. त्या क्षणी बेल जी वाजायला लागली ती थांबेचना. आमची बेल सूर बदलत पक्ष्यासारखी ओरडते. असल्या वेळी इतकं कोण दाबतंय म्हणून मी संतापाने आजूबाजूला बघत होतो. समोरच्या बाईंनी माझा दंड धरून मला भिंतीपासून बाजूला केलं.

मग खिडकीतून आतलं बोलणं ऐकू आलं.

"हा मागे आवाज कसला येतोय?" एक परीक्षक विचारत होते.

"सर, जनरेटर आहे."

"आणि ती बेल?"

"तोही जनरेटरच, सर."

बाहेर आम्ही तिघं श्वास रोखून उभे. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांचं पुस्तकात घातलेलं बोट मी एका शब्दापायी वाया घालवलं. पण परीक्षक म्हणाले, "असू दे. मला सांगा, पर्याय जास्त असले की माणसाला निर्णय सोपा जातो की अवघड? रोजच्या आयुष्यातलं उदाहरण द्या."

बायकोने घसा साफ केला. "एक गृहस्थ आहेत, सर. निवृत्त. आयुष्यभर खरेदी विभागात होते. त्यांना घरासाठी एक जनरेटर घ्यायचा होता."

पुढचं सगळं मी माझ्याच व्हरांड्यात, दोन शेजाऱ्यांच्या मधे उभं राहून ऐकलं. तक्ता आला, मांडीवरची ताटं आली, फ्रिजमागे अडकणं आलं. मॅनेजरसाहेब खिडकीला कान लावून मान डोलवत होते आणि समोरच्या बाईंनी कानातला कापूस काढला होता. "आणि शेवटी त्यांनी घेतला तो पहिल्या दिवशी दाखवलेलाच," ती म्हणाली. हे तिला कसं कळलं, मला अजून माहीत नाही. परीक्षकांच्या हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"हो, सर. मघाशी बेलला टेकून उभे होते ते."

हसणं ओसरल्यावर एका बाईंचा आवाज आला. बहुधा सरावाच्या वेळी तोंड अर्धं उघडं ठेवून थिजलेल्या त्याच. "पण एवढा खटाटोप त्यांनी कशासाठी केला?"

जनरेटर तेवढा धडधडत होता. मग बायको म्हणाली, "त्यांनी मला शब्द दिला होता, मॅडम. परीक्षेच्या दिवशी लाईट जाणार नाही म्हणून. सगळ्या घराची गेली. पण माझी नाही गेली."

मॅनेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी दिव्याकडे बघत राहिलो. भर दुपारी दिवा फार डोळ्यांवर येतो.

ती पास झाली, नुसती नाही, चांगली पास झाली. परीक्षकांनी उदाहरणाचं विशेष कौतुक केलं, आणि आता त्या विद्यापीठात मी माझ्या नावाशिवाय प्रसिद्ध आहे. लेकीने ही हकिगत इतक्या जणांना सांगितली की लोक मला भेटल्यावर आधी हसतात आणि मग नमस्कार करतात.

निकालानंतर वायरमन राहिलेलं काम करायला आला. हत्यारांची पिशवी ठेवून तो व्हरांड्यात उभा राहिला. माझ्या शब्दावर आता त्याचा भरवसा नव्हता. माझ्याकडे न बघता त्याने थेट आत हाक मारली, "काकू, आता घराचा सगळा लोड घेऊ ना यावर?"

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिने जनरेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "घे बाबा," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझ्यावरच होता."

वायरमन कामाला लागला. चहा झाला होता, मी सगळ्यांचे कप गोळा केले आणि विसळायला निघालो.

"राहू द्या हो, मी करते," ती मागून म्हणाली. "लोड घेऊ नका."

या वेळी मात्र मी थांबलो आणि विचारून घेतलं, "कोणता?"